पार्सल गहाळ, रकाना कोरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातून रोज बाहेर पडणाऱ्या पार्सलांत आता चपला, साज, गूळ, काकवी, चटणी असा सगळा बाजार असतो. चप्पल लाइनीतला दुकानदार असो की घरी कांदा-लसूण चटणी कांडून व्हॉट्सअ‍ॅपवर विकणारी ताई, पार्सल गहाळ झाले की बहुतेक वेळा चूक एकच निघते. बुकिंगच्या चिठ्ठीवर 'डिक्लेअर्ड व्हॅल्यू' (पाठवणाऱ्याने सांगितलेली मालाची किंमत) म्हणून एक रकाना असतो. घाईत तो कोरा राहतो, नाहीतर "जास्त लिहू नका, चार्ज वाढेल" म्हणत काउंटरवरचा मुलगाच तिथे 100 टाकतो. 1,800 रुपयांची चप्पल कागदावर 100 रुपयांची होते. मग महिनाभर फोन करून काय उपयोग?

कुरिअर कंपन्या 'कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007' खाली येतात, हे बऱ्याच विक्रेत्यांच्या गावी नसते. त्याखालच्या 2011 च्या नियमांनुसार माल हरवला तर जबाबदारी भाड्याच्या दहापट, आणि तीही चिठ्ठीवर लिहिलेल्या किमतीपलीकडे जात नाही. म्हणजे 80 रुपये भाडे दिले असेल तर 800 रुपये. रकान्यात 100 असतील तर 100 च. पूर्ण किंमत हवी असेल तर बुकिंगवेळीच जादा जोखीमदर भरून तसे चिठ्ठीवर लिहून घ्यावे लागते. चिठ्ठीमागच्या बारीक अक्षरांतल्या अटी कोणी वाचत नाही, पण सही केली की त्या लागू होतात. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तेच सांगितले आणि भरपाई चिठ्ठीवरच्या 100 डॉलरवरच थांबली.

टपाल खात्याचे गणित निराळे. सरकार या 2007 च्या कायद्यात येत नाही. स्पीड पोस्टचे पार्सल हरवले तर भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1,000 रुपये, यातले जे कमी असेल ते. 90 रुपयांचे टपाल असेल तर 180 रुपये. त्यामुळे किमती वस्तू टपालाने पाठवताना विमा उतरवावाच. हुपरीच्या चांदीची पार्सले पाठवणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. बऱ्याच कुरिअर कंपन्या सोने-चांदी घेतच नाहीत, म्हणून चिठ्ठीवर 'इमिटेशन' (नकली दागिने) लिहून माल सोडायचा प्रघात पडला आहे. पार्सल पोहोचले तर ठीक. हरवले तर हक्क सांगणारा विक्रेताच खोटे लिहिणारा ठरतो.

दुसरी गोष्ट स्कॅनची. पिकअपचा मुलगा संध्याकाळी येतो, पंधरा-वीस पार्सले पोत्यात भरतो आणि "हबला गेल्यावर स्कॅन होतील" म्हणून निघतो. दुकान ते हब, म्हणजे कंपनीचे पार्सले जमा करण्याचे केंद्र, या अंतरात गेलेले पार्सल कुणाच्याच नावावर नसते. कंपनी म्हणते, आमच्याकडे आलेच नाही. यावर उपाय म्हणजे मॅनिफेस्ट. एका कागदावर प्रत्येक पार्सलचा एडब्ल्यूबी (चिठ्ठीवरचा ट्रॅकिंग) क्रमांक, वजन आणि खाली एकूण संख्या लिहायची, मुलाचे नाव, वेळ आणि सही घ्यायची आणि त्याच्यासमोर फोटो काढायचा. दोन मिनिटांचे काम आहे. तो सही देत नसेल तर त्या दिवशी माल देऊ नये.

वजनाचा फोटो हा माझ्या मते सगळ्यात बळकट पुरावा. बंद खोका काट्यावर ठेवायचा आणि आकडा व लेबल एकाच चौकटीत येतील असा फोटो घ्यायचा. चपलेचा जोड खोक्यासह 900 ग्रॅम भरला आणि पुण्याच्या हबला 310 ग्रॅम नोंदला, तर माल वाटेत काढला हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र इथे एक गफलत नेहमी होते. बिलावर येते ते आकारमानाचे वजन: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5,000 ने भागतात. 32 × 20 × 12 चा खोका आतला माल हलका असला तरी 1.54 किलो धरला जातो. तक्रारीत विक्रेता हाच आकडा लिहितो, हबच्या काट्यावर 900 ग्रॅम दिसतात आणि 'वजन जुळत नाही' म्हणून दावा फेटाळला जातो. तक्रारीत काट्यावरचेच वजन लिहावे.

पत्ता दोनदा लिहावा, एक खोक्यावर आणि एक आत. बाहेरचे लेबल पावसात भिजून सुटले की पार्सल बेवारस मालात जाते. आतली चिठ्ठीच त्याला परत आणते. काकवीची बाटली फुटली तर शेजारच्या पार्सलांचीही लेबले जातात, म्हणून ती आधी जाड प्लॅस्टिक पिशवीत बांधून मगच खोक्यात घालावी.

स्कॅन हलले नाही म्हणजे पार्सल हरवलेच असे नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, तेव्हा माल दिवसेंदिवस अडकून होता. अशा वेळी कंपनी दैवी आपत्तीचे कारण देते आणि कायद्यातही ते मान्य आहे. फक्त काळजी घेऊन नुकसान टाळता आले असते, तर सुटका नाही. एरवी शेवटच्या स्कॅननंतर पाच दिवस हालचाल नसेल तर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि ट्रॅकिंगच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. काही महिन्यांनी तो क्रमांक टाकला तरी काही दिसत नाही.

'डिलिव्हर्ड' दिसते आणि ग्राहक म्हणतो मिळाले नाही, हे भांडण सगळ्यात किचकट. आधी ग्राहकाला वॉचमन, शेजारी, ऑफिसचे टपाल घेणारा, घरातली माणसे यांच्याकडे चौकशी करायला सांगावे. त्याच दिवशी कुरिअरकडे पीओडी (माल पोहोचवल्याचा पुरावा) मागावी: कुणाची सही, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, दारातला फोटो आहे का. सहीच्या जागी नुसता 'सेल्फ' किंवा एक रेघोटी असेल तर तीच तुमची बाजू. ग्राहकाचे 'मिळाले नाही' हे म्हणणे त्याच्या ऑर्डरच्या नंबरवरून लेखी घ्यावे.

ग्राहकाला "कुरिअरवाल्याला विचारा" म्हणून हात झटकणारे विक्रेते आहेत. वस्तू विक्री कायदा 1930 चे कलम 39 म्हणते की माल वाहतूकदाराकडे दिला की तो खरेदीदाराला पोहोचला असे सकृद्दर्शनी धरतात. पण त्याच कलमात पुढे आहे: विक्रेत्याने वाहतूकदाराशी वाजवी करार केला नाही आणि माल गेला, तर खरेदीदार ते मानायला बांधील नाही. 1,800 च्या मालाला 100 लिहिणे हा वाजवी करार कसा म्हणायचा? ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्याला तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. ग्राहकाने कार्डाच्या बँकेकडे पैसे परत मागितले तर पुरावा द्यायला मोजके दिवस मिळतात. उत्तर दिले नाही की पैसे गेले. ग्राहकाचा हिशोब आधी मिटवावा, कुरिअरशी नंतर निवांत भांडावे.

ते भांडणही कागदावर. बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस गेली नाही तर 2007 च्या कायद्याखाली दावाच चालत नाही. "बघतो, करतो" म्हणत चार महिने सहज जातात. नोटिशीत एडब्ल्यूबी, तारीख, वजन, लिहिलेली किंमत, शेवटचा स्कॅन आणि मागणीची रक्कम असावी. ती ईमेलने पाठवावीच, शिवाय स्पीड पोस्टने पोहोच पावतीसह. त्यानंतर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाही तिथे ग्राहक म्हणून जाता येते. मोठ्या व्यापाऱ्याला दिवाणी न्यायालय. ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षे, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात दाखल होते, कंपनीचे मुख्यालय दिल्लीला असले तरी.

परतीच्या पार्सलाकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. जाताना सगळे ट्रॅकिंगकडे डोळे लावून बसतात. ग्राहकाने नाकारलेला माल वाटेत मुरतो आणि बाजारपेठेवरची दाव्याची मुदत निघून जाते. आठवड्यातून एकदा आरटीओची (विक्रेत्याकडे परत निघालेल्या पार्सलांची) यादी आणि सीओडीचे (माल हाती पडल्यावर ग्राहकाने दिलेले) जमा पैसे वहीशी ताडून बघावेत. परत आलेला खोका सहाही बाजू आणि लेबल दाखवून, मध्ये न थांबता एकाच व्हिडिओत उघडावा. जीएसटी भरणाऱ्यांनी हरवलेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे परत करावे लागते, हेही आपल्या करसल्लागाराला आठवण करून द्यावे.

कुरिअरच्या काउंटरवरचा काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा, वजन आणि किंमत चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय पार्सल घेऊ नये आणि पिकअपच्या जागीच स्कॅन करावा, या तीन मागण्या शहरातल्या व्यापारी संघटनांनी दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत कुरिअर कंपन्यांकडे लेखी द्याव्यात. आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक विक्रेता, महाद्वार रोड, कोल्हापूर