मंजू, आरूच्या आईला काय सांगू?

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय मंजू,

दिवाळीपासून तुला ना पत्र ना फोन. रागावली असशील, तुझा हक्कच आहे. पण आधी हे वाच, मग भांड. घरी सगळे बरे. माझं थायरॉइड आहे तिथेच, आईचे गुडघे दुखतात, गोळ्या चालू आहेत. झालं.

परवा आमच्या बी.एड. विशेष शिक्षणच्या मुलांची सराव पाठांची परीक्षा झाली. तिथे जे घडलं ते इथे सांगायचं कुणाला? स्टाफरूममध्ये म्हणतात, ‘मार्कांचं विद्यापीठाला लिहा.’ घरी ह्यांना वाटतं, बाई पुन्हा कुणाशी तरी भांडून आली. मार्क राहू देत बाजूला, मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. ती तुलाच कळेल, कारण कर्णबधिर मुलाला खुणा शिकवाव्यात की नुसतं बोलणं, ह्याच गोष्टीवरून आपण शिकत असताना बांद्र्याच्या हॉस्टेलवर रात्र रात्र भांडलोय.

माझा विद्यार्थी सागर जन्मापासून कर्णबधिर आहे. पहिलीच्या वर्गावर त्याने डायरेक्टेड अ‍ॅक्टिव्हिटी घेतली, म्हणजे एखादी कृती करता करता भाषा शिकवायचा पाठ, लिंबू सरबताचा. आठवतं ना, माझ्या त्याच पाठाचं सगळं सरबत तूच संपवलं होतंस! सागरने लिंबू कापलं, पिळलं, प्रत्येकाला बोट बुडवून चाखायला दिलं. मुलांचे चेहरे आंबट झाले की तो थांबायचा, ‘आंबट’ची खूण करायचा, मग फळ्यावर शब्द लिहायचा. घाई नाही. साखर घातली, ढवळली. तेवढ्यात आरू उठून टेबलापाशी आली. तिने काचेच्या ग्लासात वरून पाहिलं, मग वाकून खालून पाहिलं, आणि सागरकडे वळून हात केले: साखर, कुठे? भुवया आवळलेल्या, मान पुढे.

मंजू, ही पोर सहा वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षी सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऐकू यावं म्हणून आतल्या कानात यंत्र बसवलं. इतकी वर्षं थेरपी करून तोंडात शब्द किती, तर आई, पाणी, दे, बाय. चित्र दाखवलं तर नाव सांगते, ते खरं. पण स्वतःहून प्रश्न विचारलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. सागरने तिला लगेच उत्तर दिलं नाही. चमचाभर सरबत तिच्या जिभेवर ठेवलं. ती हसली आणि बाकीच्यांना सांगायला पळाली.

परीक्षक म्हणाले, पाठ उत्तम, पण ‘शिक्षकाचा आवाज व उच्चार’ ह्या रकान्यात मी काय देऊ? आणि अगदी कमी मार्क दिले. मी म्हटलं, सर, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सांकेतिक भाषेत पात्र असलेले शिक्षक घडवा आणि नेमा, त्यात स्वतः दिव्यांग असलेलेही आले. त्यांनी ऐकून घेतलं, रकाना तसाच ठेवला. त्याची लढाई मी लढेन. कडक पत्र लिहून ठेवलंय, उद्या जातंय.

पण दारात आरूची आई उभी होती. पहाटेच्या एसटीने येतात त्या. पोरीला खुणा करताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मॅडम, तिकडच्या थेरपीच्या ताईंनी बजावलंय, खुणा शिकवल्या तर ही कधी बोलायची नाही. तुम्ही तर खुणाच शिकवताय. मी कुणाचं ऐकू?” आणि पिशवीतून रुमालात बांधलेलं इम्प्लांटचं बाहेरचं मशीन काढून दाखवलं. डोक्याला चिकटणाऱ्या कॉइलची वायर तुटलीय. पावसाळ्यापासून बंद आहे. नवी वायर आणायला पैसे नाहीत, मॅपिंगला, म्हणजे मशीनचा आवाज पोरीला जुळवून घ्यायला, जायचं तर मजुरी बुडते. म्हणजे बघ, खुणा करू नका म्हणून सांगितलंय आणि ऐकू तर काहीच येत नाही. इतके महिने ही पोर नुसते ओठ बघत बसलीय.

आणि ओठांवर काय दिसतं ते तूच मला शिकवलंस. हॉस्टेलच्या आरशासमोर उभी करून आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणायला लावलंस. तिन्ही सारखेच! आता तीच गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना तुझं नाव घेऊन दाखवते.

तुझी बाजू मला पाठ आहे. बाळाची पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र. मेंदूला आवाजाची सवय लहानपणीच लागते, उशीर झाला की ती वाट अरुंद होत जाते. सगळं मान्य. बीएएसएलपीची, कान-वाचेच्या पदवीची, चार वर्षं तू साउंडप्रूफ खोलीत घासलीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. पण भाषेची वाटही लहानपणीच अरुंद होते, मंजू! ती कानातून येवो की डोळ्यांतून, पाच-सहा वर्षांपर्यंत एक तरी भाषा पुरी मिळायला हवी. खुणांनी बोलणं अडतं हे मी मानत नाही, तेव्हाही मानलं नव्हतं. १८८० साली मिलानच्या परिषदेत ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठराव करून खुणा शाळेबाहेर काढल्या. तो ठराव नाकारून खेद व्यक्त करायला २०१०ची व्हँकुव्हरची परिषद यावी लागली. मधल्या किती पिढ्या हात मांडीखाली दाबून बसल्या असतील. ह्यावर तू म्हणायचीस, ‘तेव्हा इम्प्लांट कुठे होतं?’ बरोबर. पण आरूचं आज कुठे आहे? रुमालात.

मला खरा राग आपल्या शिकवणीचा येतो. एकाच आवारात आपण शिकलो. तुमच्या अभ्यासक्रमात वर्ग म्हणजे दोन-चार भेटी, आमच्यात ऑडिओमेट्री, श्रवणाची तपासणी, म्हणजे काचेपलीकडून बघणं. संवादाचे तिन्ही पर्याय, मौखिक म्हणजे नुसतं बोलणं, संपूर्ण संप्रेषण म्हणजे बोलणं-खुणा सगळं मिळून, द्विभाषिक म्हणजे खुणांची भाषा आणि मराठी दोन्ही, आम्ही परीक्षेत सुरेख लिहितो. पण एका मुलासाठी थेरपिस्ट आणि शिक्षिका एका टेबलाशी बसून ठरवतात कसं, हे आपल्याला कुणी करायला लावलंच नाही. मग ते टेबल आईच्या डोक्यावर येतं. तीही आठवी शिकलेली, ज्वारी काढून आलेली.

म्हणून तुला बोलावतेय. रजा टाक आणि ये. सकाळी माझ्या मुलांसमोर आपण दोघी उभ्या राहू आणि आरूची फाईल उघडून खरोखर ठरवू. सागर असेल, दुभाषा मी होईन. दुपारी आरूच्या आईला बसवू. मशीन दुरुस्त करून घ्यायचंच, ते मी सोडायला सांगणार नाही. वायरीच्या पैशांची सोय आम्ही शिक्षक मिळून करतोय. पण तोवर आणि त्यानंतरही तिने पोरीशी हातांनी बोलावं, हे मी एकटीने सांगितलं तर त्यांना धीर येणार नाही. त्यांच्या लेखी मी खुणावाली बाई. तू कानाची बाई. तू म्हणालीस तर ऐकतील. आणि तुला ते पटत नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांग, त्यांच्यासमोर नको. आदल्या रात्री भांडून घेऊ, पूर्वीसारखं.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिन्मयचं दहावीचं वर्ष, त्याच्या मागे फार लागू नकोस. अण्णांना नमस्कार सांग, त्यांच्या मोतीबिंदूचं कळव.

आरूचा जुना ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, आणि मॅपिंगचे कागद सोबत पाठवतेय. शेवटचं मॅपिंग कधी झालं ते बघ आणि वायर कुठली लागेल ते आधी फोनवर सांग, म्हणजे तू यायच्या आत मागवून ठेवते. शक्यतो गुरुवार धर, त्या दिवशी त्यांना एसटी सोयीची पडते.

तुझी,
सुमी