ड्रोनचा नकाशा आधी गावाला दाखवा, मग फायनल करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ड्रोन आणि लेझरने जमीन मोजायचं काम सध्या जोरात चाललंय आणि त्याला माझा अजिबात विरोध नाही हे आधीच सांगतो. आपल्या पुणे जिल्ह्याला तर मोजणीचा मोठा इतिहास आहे, १८३०च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणी आणि सारा ठरवायची पद्धत बसवली तीच पुढे मुंबई इलाखाभर गेली. तेव्हाची साखळी ३३ फुटांची, आजही आपण ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फुटांना एक गुंठा म्हणतो तो तिथलाच. पण त्या सगळ्या मोजणीत शेतजमिनीचे सातबारे झाले, आणि गावठाणातली घरं बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. घर पिढ्यान्पिढ्या आपलं पण कागद म्हणाल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि तो फक्त टॅक्स आकारल्याचा कागद. त्यावर बँक लोन देत नाही आणि भावकीचं भांडण कोर्टात गेलं तरी तो मालकीचा पुरावा धरत नाहीत.

म्हणून पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात राज्याच्या भूमी अभिलेख खात्याने आणि सर्व्हे ऑफ इंडियाने ड्रोनने गावठाण मोजलं तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना आली आणि देशभर हेच काम सुरू झालं. योजना चांगलीच आहे, मिळकत पत्रिका म्हणजे घराच्या मालकीचा कागद हातात आला की म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय समाधान असतं ते मी स्वतः बघितलंय.

अडचण वेगळीच आहे. ड्रोन वरून फोटो काढतो, ते फोटो एकमेकांना जोडून, सरळ करून त्याचा नकाशा बनतो. वरून दिसतं ते छप्पर, भिंत दिसत नाही. आमच्या गावातलंच सांगतो. दोन घरांच्या मधे दोन-अडीच फुटांचा बोळ आहे, मागच्या घरातली बाई त्याच बोळातून पाण्याला आणि परसात जाते. दोन्ही घरांचे पत्रे बोळावर पुढे आलेले, पागोळ्या जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या. फोटोत बोळ दिसतच नाही, दोन्ही घरं एकच आहेत असं वाटतं. उडवायच्या आधी चुन्याने हद्द आखतात ते याच्यासाठीच, पण चुना पडतो तो जमिनीवर, आणि पत्र्याखालचा चुना वरून कसा दिसणार? लेझर लावला तरी पत्र्यातून तोही आरपार जात नाही. मग कुणीतरी टेप घेऊन त्या बोळात उतरायलाच लागतं आणि दोन्ही घरच्यांना समोर उभं करायला लागतं. आमच्याकडे घाई झाली, बोळ एका घराच्या पत्रिकेत गेला आणि आता दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यात गावठाणातली निम्मी माणसं हडपसर, भोसरी, नाहीतर मुंबईत. चौकशीची नोटीस चावडीवर लागते, ती वाचणार कोण? जो त्या दिवशी घरात असतो त्याचं नाव लागतं, बाहेर असलेला भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण राहून जाते. ड्रोन सेंटीमीटरमधे माप देतो हे खरं, पण घर कुणाचं हे त्याला कळत नाही, ते माणसांना विचारूनच कळतं. आणि विचारायच्या कामाला वेळ द्यायची कुणाची तयारी नाही, फोटो मात्र एका दिवसात निघतात.

पुरंदरमधेच मे २०२५ मधे विमानतळासाठीच्या ड्रोन सर्व्हेला गावकऱ्यांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, पोलिसांशी झटापट झाली. ज्या तालुक्यात ड्रोनने घराचा कागद मिळवून दिला त्याच तालुक्यात लोक ड्रोन बघून घाबरतात, कारण वरून काय मोजलं, ते कुठे गेलं, त्यात माझी विहीर, माझी सीताफळाची बाग धरली का, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आता हेच शहरात येतंय. केंद्राचा नक्शा हा पायलट प्रकल्प फेब्रुवारी २०२५ मधे दीडशेच्या वर शहरांत सुरू झाला, त्यात साध्या फोटोबरोबर तिरके फोटो आणि काही ठिकाणी लायडार म्हणजे लेझर स्कॅनिंग पण आहे. लायडारची खरी ताकद वेगळीच आहे, झाडांच्या फांद्यांमधून काही किरण जमिनीपर्यंत पोचतात आणि झाडं वजा करून खालचा उंचसखलपणा दिसतो. पुण्यासारख्या टेकड्या आणि ओढ्यांच्या शहराला याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, जुलै २०२४ मधे सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं ते पण. आपल्या बिल्डिंगचा पार्किंग ओढ्याच्या पात्रापेक्षा किती वर आहे हे माणसाला फ्लॅट घ्यायच्या आधी घरबसल्या बघता आलं पाहिजे. इंग्लंडमधे सरकारी लायडार डेटा २०१५ पासून कुणालाही फुकट डाऊनलोड करता येतो. आपल्याकडेही २०२१ च्या केंद्राच्या गाईडलाईन्समधे सरकारी पैशातून झालेला असा डेटा, गुप्त सोडून, भारतीयांना सहज मिळाला पाहिजे असं लिहिलंय. मग तो वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर का दिसत नाही?

माझी मागणी फार मोठी नाही. गावठाण असो नाहीतर पेठ, पत्रिका काढायच्या आधी ड्रोनचा फोटो आणि त्यावर आखलेल्या हद्दी मोठ्या फ्लेक्सवर छापून निदान महिनाभर चावडीत, शाळेत, वॉर्ड ऑफिसात लावा, खाली सिटी सर्व्हे नंबर मराठीत मोठ्या अक्षरात असू दे. बाहेरगावच्या लोकांसाठी तोच वेबसाईटवर टाका आणि मोबाईलवर मेसेज पाठवा. हरकतीची सुनावणी रविवारी ठेवा, म्हणजे एमआयडीसीत कामाला असलेला माणूस खाडा न करता येऊ शकेल, आणि त्या दिवशी भूकरमापक म्हणजे सरकारी मोजणीदार टेप घेऊन जागेवर हजर असू दे.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे