मृत्यूचा दाखला आणि त्या दिवशीची हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दूषित हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने आयुष्य घटते, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. परंतु प्रदूषण एखाद्या दिवशी एकाएकी वाढले, तर त्याच दिवशी आणि पुढच्या एक-दोन दिवसांत शहरातील मृत्यूंची संख्याही वाढते, याची चर्चा क्वचितच होते.

सूक्ष्म धूलिकण फुप्फुसांत खोलवर शिरले की दाह निर्माण होतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. आधीच हृदयविकार किंवा श्वसनाचा जुना आजार असलेल्या व्यक्तीला एवढे निमित्त पुरते. दाखल्यावर मात्र ‘हृदयविकाराचा झटका’ एवढेच लिहिले जाते, आणि ते चुकीचेही नसते. समोरच्या एका मृत्यूचे खापर हवेवर फोडणे डॉक्टरांना जवळजवळ अशक्यच असते. हजारो मृत्यूंची रोजची मोजदाद हवेच्या रोजच्या नोंदींशेजारी मांडली, म्हणजेच हा संबंध दिसू लागतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस साचून राहिलेल्या धुरक्याने सुमारे चार हजार जादा बळी घेतले (नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला), हेही मृत्यूंच्या नोंदी तपासल्यावरच ध्यानात आले.

अर्थात, माणसे दगावण्यासाठी तेवढे भीषण धुरके लागत नाही. २४ देशांतील ६५२ शहरांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की दैनंदिन मृत्यू सरासरी ०.६८ टक्क्याने वाढतात, असे त्यात आढळले. आकडा किरकोळ वाटतो खरा. पण जिथे रोज तीनशे मृत्यू होतात तिथे एवढ्या वाढीचा अर्थ दिवसाला दोन जादा मृत्यू, आणि प्रदूषणाच्या दिवसांत कणांची वाढ बहुधा १० मायक्रोग्रॅमवर थांबत नाही. धूम्रपान किंवा गरिबी यांकडे बोट दाखवून हा निष्कर्ष उडवून लावता येत नाही, कारण इथे तुलना एकाच शहराच्या वेगवेगळ्या दिवसांची असते आणि त्या गोष्टी सोमवारी एक आणि मंगळवारी दुसऱ्या अशा बदलत नाहीत. तापमान बदलते, म्हणून त्याचा परिणाम हिशेबातून वेगळा काढला जातो.

‘ही माणसे चार दिवसांनी गेलीच असती’ हा युक्तिवाद मला निर्दय वाटतो, शिवाय तो टिकतही नाही. तसे असते, तर प्रदूषणाच्या दिवसांमागोमाग मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा तितकीच खाली आली असती. युरोपातील दहा शहरांत चाळीस दिवसांपर्यंतचा परिणाम मोजला, तेव्हा तो पुसला गेला नाही, उलट पहिल्या एक-दोन दिवसांच्या परिणामाच्या दुपटीहून अधिक भरला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या सूक्ष्म धूलिकणांसाठी चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम सुचवली असून, वर्षातून तीन-चार दिवसांहून अधिक काळ ती ओलांडली जाऊ नये अशी अपेक्षा ठेवली आहे. तेव्हा शहरांच्या प्रशासनांनी हवेच्या निर्देशांकासोबत रोजच्या मृत्यूंची संख्याही, वयोगट आणि नोंदलेल्या कारणासह, नावे वगळून जाहीर करावी. आणि हवा बिघडण्याचा अंदाज असेल तेव्हा हृदयरोग व दम्याच्या रुग्णांना आदल्या दिवशीच इशारा द्यावा. मृत्यूंची नोंदणी आणि हवेचे मोजमाप ही दोन्ही कामे बहुतेक मोठ्या शहरांत होतच असतात. अडते ते ही दोन्ही दप्तरे एकत्र उघडण्यापाशी.

आपला,
एक वाचक