टोकन देण्याआधी पार्किंगला टेप लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे, जिकडे पाहावे तिकडे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. फ्लॅट बघायला आलेले कुटुंब ओट्याची उंची, देवघराची दिशा, बोअरला पाणी किती, सगळे बारकाईने विचारते. पार्किंगचा विषय मात्र "खाली भरपूर जागा आहे" एवढ्यावर मिटतो आणि टोकन दिले जाते. राहायला गेल्यावरची निम्मी भांडणे याच वाक्यातून निघतात.

आधी पैशांचे. वर छत नसलेल्या, उघड्या पार्किंगचे वेगळे पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या, कायद्याच्या व्याख्येतच गच्ची आणि खुले पार्किंग सामाईक क्षेत्रात धरलेले आहे आणि महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जुलै २०२१ च्या परिपत्रकात खुल्या पार्किंगबद्दल पुन्हा तेच स्पष्ट केले. स्टिल्टबाबत, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या छत असलेल्या जागेबाबत, मात्र लोकांत गोंधळ आहे. स्टिल्टमधली जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिला. तो १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या जुन्या, कायद्याखालचा. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात आच्छादित पार्किंगची किंमत लावता येते, पण ती जागेच्या वर्णनासह करारनाम्यात यावी लागते. त्यामुळे "स्टिल्टला पैसे द्यायचेच नसतात" असे सरसकट सांगणाऱ्यांवरही विसंबू नये. रोख रक्कम देऊन बिल्डरच्या लेटरहेडवर चिठ्ठी घेणे हा तर सर्वांत धोक्याचा व्यवहार. ती रक्कम नोंदणीकृत दस्तात दिसत नाही, बँक त्यावर कर्ज देत नाही आणि उद्या सोसायटी झाली की ती चिठ्ठी मानायला सोसायटी बांधील राहत नाही.

एप्रिल २०२४ पासून महारेराने वाटपपत्राला आणि करारनाम्याला पार्किंगचे स्वतंत्र जोडपत्र बंधनकारक केले आहे. त्यात पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतली नेमकी जागा लिहिलेली हवी. ते कोरे असेल तर सही करू नका. "नंतर भरू" हे ऐकून घेऊ नका.

मग टेप घेऊन खाली उतरा. एका चारचाकीसाठी जागा २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब धरतात, म्हणजे साधारण सव्वाआठ फूट बाय साडेसोळा फूट. दुचाकीला १ मीटर बाय २ मीटर. नकाशावर हे माप बरोबर असते. घोळ होतो तो कॉलममुळे. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ इंच कॉलम आत आला की अडीच मीटरचे दोन मीटर उरतात. गाडीच पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद, मग दार उघडणार कुठे? उंची मोजताना स्लॅबपर्यंत मोजू नका, बीमच्या तळापर्यंत मोजा. बाथरूमचे आडवे पाइप खालून गेले असतील तर पाइपापर्यंत मोजा, कारण गळती लागली की ती तुमच्याच टपावर. ड्रेनेजचे चेंबर आपल्या जागेत येते का, मागची गाडी काढायला पुढची हलवावी लागते का, तेही पाहा.

सोलापूरपुरती आणखी एक गोष्ट, आणि ती नकाशावर कळत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे टँकर कधी ना कधी आत येणारच. जमिनीखालच्या टाकीचे झाकण एखाद्याच्या पार्किंगमध्ये आले असेल, किंवा गाड्या लागल्यावर टँकर वळायला जागाच उरत नसेल, तर उन्हाळाभर तंटा ठरलेला.

आता नियम. करारनाम्याच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात ते असतात: टेम्पो, रिक्षा आत लावायची नाही, घर फक्त राहण्यासाठीच वापरायचे, गच्चीचा आणि वाढीव एफएसआयचा, म्हणजे जादा बांधकामाचा, हक्क बिल्डरकडे, पुढे बिल्डर करील ते नियम मान्य. या शहरात घराघरांत शिलाई मशिन चालते, कित्येकांचा संसार रिक्षावर किंवा छोट्या टेम्पोवर उभा आहे. त्यांच्यासाठी यातली एक ओळ म्हणजे पोटावर पाय. हरकत असेल तर ती करार नोंदवण्याआधी लेखी घ्या. मसुदा घरी नेऊन वाचायला मागा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, त्यामुळे घाई करायचे कारण नाही. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली जाणार असेल तर घोषणापत्र, म्हणजे डिक्लरेशन डीड, आधी मागा. कुठले पार्किंग आणि गच्चीचा कुठला तुकडा 'मर्यादित सामाईक क्षेत्र' म्हणून ठरावीक फ्लॅटला दिला, हे त्यातच लिहिलेले असते आणि पुष्कळ जण ते ताबा मिळाल्यावर वाचतात.

भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. आपल्या पेठांमधल्या पुष्कळ लहान इमारती यातच मोडतात. तिथे महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत मिळवून त्यातले पार्किंगचे चौकोन मोजावेत आणि तेवढे प्रत्यक्षात आहेत का ते पाहावे.

महापालिकेकडे एक मागणी आहे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी, देण्याआधी मंजूर नकाशाप्रमाणे पार्किंगचे पट्टे आणि क्रमांक जमिनीवर रंगवलेले आहेत का, हे अभियंत्याने तपासावे आणि तोच नकाशा जिन्याजवळ कायमचा लावायला सांगावा. भोगवटा मिळाल्यावर स्टिल्टमध्ये शटर बसते, दुकान होते आणि तिथल्या गाड्या रस्त्यावर येतात. नकाशा भिंतीवर असेल तर शटर बसण्याच्या दिवशीच रहिवाशांना तक्रार करता येईल.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर