वस्ताद, तुम्ही नुरा कुस्ती होऊ दिली नाहीत

आदरणीय वस्ताद,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते घडी घालून खिशात ठेवलं असतं आणि "बरं, च्या घे" म्हणून विषय संपवला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालू नकोस म्हणालात, ते पाळलंय. पेठेतल्या माणसांना नावाशिवायही कळेल.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या वेबकॉमिकची पहिली पानं घेऊन तालमीच्या दारात आले, तेव्हा मनात धाकधूक होती. दाजीपूरच्या जंगलातला गवा कोल्हापुरात येतो आणि तालमीत राहून पैलवान होतो, अशी माझी गोष्ट. हलगी वाजवणारा शेकरू, गंगावेशीत दूध घालणारी म्हैस, पंच म्हणून पिंगळा. लाल मातीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही कुस्तीची चेष्टा वाटली तर? तुम्ही चष्मा लावलात, पहिलं पान बराच वेळ पाहिलंत आणि विचारलंत, "ह्याला बोटं कुठनं आली?"

जनावरांना माणसासारखं वागवणाऱ्या चित्रकथांचा सगळा पेच त्या एका प्रश्नात होता. मी गव्याचं तोंड काढून खाली माणसाचं धड चिकटवलं होतं. तुम्ही म्हणालात, गव्याची ताकद मानेत आणि खांद्यावरच्या उंचवट्यात असते, मग तो कुस्तीही तिथूनच करणार. खुराने मनगट धरता येत नसेल तर कोपरात अडकवून धरेल. दोन पोरांना अंगणात बोलावून तुम्ही ढाक, म्हणजे कंबरेवरून पाडायचा डाव, दाखवायला लावलीत, एकदा नाही, सात-आठ वेळा, माझी पेन्सिल थांबेपर्यंत. "कंबर आत गेल्याबिगर ढाक बसत न्हाय, तुझ्या चित्रात ती बाहेरच हाय." मी सगळी कुस्ती पुन्हा काढली. गव्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय आता लाल मातीत उठून दिसतात. आधीच्या पानांत ते मी काढलेच नव्हते, कारण गवा मी नीट बघितलाच नव्हता.

आणि कान. तुम्ही स्वतःचा मोडका कान पुढे केलात आणि म्हणालात, "हा काढ." जनावराचा कान बोलतो, राग आला की मागे जातो, चाहूल लागली की वळतो. त्याच कानावर पैलवानाच्या सरावाची खूण आली आणि माझा गवा पहिल्यांदा जिवंत झाला. इंग्रजी प्रत वाचून परदेशातल्या एका वाचकाने सगळ्यात आधी कानाबद्दलच विचारलं होतं. उत्तर लिहिताना मी तुमचाच कान समोर आणला.

पण हे पत्र मुख्यतः पुरस्काराच्या वेळच्या गोष्टीसाठी आहे.

अशा प्राणीपात्रांच्या कामासाठी उर्सा मेजर नावाचे पुरस्कार आहेत. 2001 सालच्या कामांपासून ते दिले जातात. त्यात चित्रकथा आणि कॉमिक स्ट्रिप असे वेगळे विभाग आहेत. मागच्या कॅलेंडर वर्षात पहिल्यांदा प्रसिद्ध झालेलं काम वाचकांनी सुचवायचं, सगळ्यात जास्त सुचवली गेलेली पाच अंतिम मतदानाला जातात आणि तिथेही वाचकच मत देतात. तुम्ही विचारलं होतंत, "पंच कोण?" मी म्हणाले, पंच नाहीतच, सगळं मैदानच पंच. तुम्हाला ते आवडलं. नावाचा अर्थ मोठं अस्वल, आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्याच ताऱ्यांचं, हे सांगितल्यावर तर तुम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यावरून ते तारे दाखवायला लावलेत. (सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणजे अस्वलं म्हणत, असं शतपथ ब्राह्मणात आहे. ते मला नंतर सापडलं, म्हणून इथे सांगते.)

तालमीतल्या पोरांना हे कळलं आणि एका संध्याकाळात सगळं ठरलं. चाळीसेक पोरं, त्यांचे भाऊ, मित्र, पेठेचा व्हॉट्सॲप ग्रुप. "ताई, किती मतं पायजेत ते सांगा फक्त." मी नाही म्हणाले नाही, वस्ताद. हे इथे कबूल करते. इतकी वर्षं रात्री जागून चित्रं काढल्यावर कुणीतरी असं पाठीशी उभं राहतंय, याचंच मला भरून आलं होतं.

तुम्ही खुराकाचं भांडं बाजूला ठेवलंत आणि एवढंच विचारलंत, "पोरांनी दुसऱ्यांची वाचली का?" कुणीच वाचली नव्हती. माझीसुद्धा निम्म्यांनी वाचली नव्हती. "मग ही नुरा झाली. न वाचता दिलेलं मत म्हंजे ठरवून केलेली कुस्ती. जितलीस तरी माती अंगाला लागायची न्हाय."

नंतरच्या तीन संध्याकाळी मला जन्मभर पुरतील. जोर-बैठका झाल्यावर पोरं ओसरीवर बसायची आणि मी टॅबवर वाचून दाखवायची. आधी जुनी, नावाजलेली कामं दाखवली, या प्रकारात काय होऊ शकतं ते कळावं म्हणून. उर्सुला व्हर्नन यांच्या 'डिगर' या चित्रकथेला 2012 चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा मोठा पुरस्कार, मिळाला आहे. त्यातली नायिका वॉम्बॅट, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं बीळ खणणारं जनावर. ती बोगदा खणत वर येते ती थेट गणपतीच्या देवळात, आणि मूर्ती तिच्याशी बोलू लागते. ओसरीवर जी आरोळी उठली ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली असेल! दुसऱ्या दिवशी मी माझी 'माउस'ची प्रत आणली, नाझींनी ज्यूंचा केलेला छळ सांगणारी चित्रकथा. ज्यू माणसं उंदीर, नाझी मांजरं, आणि 1992 मध्ये आर्ट श्पीगलमन यांना त्यासाठी विशेष पुलित्झर मिळालं. "जनावरांची चित्रं म्हंजे बारक्या पोरांची" असं आदल्या दिवशी म्हणणारा पोरगा ते पुस्तक मांडीवर घेऊन अंधार पडेपर्यंत उठला नाही. तिसऱ्या दिवशी त्या वर्षीची नवी कामं वाचली, आणि ज्याला जे आवडलं ते त्याने सुचवलं. काहींनी माझं सुचवलं, काहींनी नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं, "ताई, त्या कोल्ह्याची गोष्ट तुमच्यापेक्षा भारी हाय." मला ते कौतुकासारखंच वाटलं, कारण त्याने दोन्ही वाचल्या होत्या.

माझं काम पाचांत गेलं नाही. यादी लागली त्या दिवशी मी तालमीकडे आले नाही, तर तुम्हीच निरोप धाडलात: "खासबागेच्या मैदानात पडलेला पैलवान दुसऱ्या दिवशी जोर मारायला येतोच." मी आले. तुम्ही हरल्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. थंडाई दिलीत आणि पुढचं पान मागितलंत.

वस्ताद, त्या पोरांची मतं घेतली असती तर कदाचित मी पाचांत असते. मग माझ्या चित्रात कंबर आत गेली की नाही, हे मला कुणी कधी सांगितलं नसतं. वाचून सुचवणारी ती मूठभर पोरं आज माझी सगळ्यात कडक वाचक आहेत. नवीन पान पडलं की पहिला निरोप त्यांचाच येतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीबद्दल असतो. ही माणसं मला तुमच्यामुळे मिळाली.

नव्या भागात गव्याची समोरच्या रेड्याशी निकाली कुस्ती आहे. चौदाव्या पानावर त्याने घिस्सा डाव मारलाय, पण रेड्याचा मागचा पाय कुठे पडतो ते मला जमत नाहीये. येत्या रविवारी सकाळी येते. त्या दोन पोरांना थांबवून ठेवाल का?

तुमची,
गवेवाली पोरगी
कोल्हापूर