सिंत्राच्या चढावर माझ्या बाबांसोबत चाललेल्या मुलास

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. गावी परतल्यापासून हे पत्र लिहायचे मनात आहे. फोनवर आभार मानायला लागले की तू विषय बदलतोस, म्हणून चारचौघांत लिहीत आहे. नाव लिहू नका, असे तू बजावले आहेस, तेवढे पाळते.

बाबांना पोर्तुगालमधल्या सिंत्राच्या डोंगरावरचा पेनाचा राजवाडा का पाहायचा होता, हे तुला त्या दिवशी नीट सांगता आले नाही. आमच्या भिवापूर तालुक्यातल्या घराच्या ओसरीत खताच्या दुकानातून मिळालेले एक कॅलेंडर टांगलेले आहे. त्याचे साल केव्हाच उलटले, कोपरे वाळवीने खाल्ले, तरी डोंगरावरच्या त्या पिवळ्या-तांबड्या वाड्याचे चित्र बाबांनी कधी काढू दिले नाही. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितले, ते म्हणजे हा वाडा डोळ्यांनी पाहणे.

ज्या सहल कंपनीकडे आम्ही पैसे भरले होते, तिच्या छापील कार्यक्रमात सिंत्राचे नाव ठळक अक्षरांत होते. प्रत्यक्षात लिस्बनला त्या सकाळी बसच्या दारात उभ्या असलेल्या व्यवस्थापकाने बाबांच्या धोतराकडे आणि पायांकडे पाहिले आणि मला सांगितले, की यांच्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होईल, तुम्ही दोघे हॉटेलातच आराम करा. बाबा शेजारीच उभे होते. त्यांच्याशी तो एक शब्दही बोलला नाही. पैसे परत मिळाले नाहीत, त्याचे मला फारसे वाटत नाही. पण जन्मभर दुसऱ्यांचे ओझे उचललेल्या माणसाला त्याच्या मुलीसमोर ओझे ठरवले गेले, याची चीड अजून उतरलेली नाही.

त्याच संध्याकाळी लिस्बनमधल्या मार्तीम मोनीझ चौकाजवळच्या किराणा दुकानात आम्ही बाप-लेक बोलत असताना मागून तू विचारलेस, "काकू, नागपूरकडचे का?" तू दारव्ह्याकडचा, लिस्बनच्या एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात राबणारा, आणि दुसरा दिवस तुझा आठवड्याच्या सुट्टीचा. तरी सकाळी रोसियू स्थानकावर तू आमच्या आधी हजर होतास. चाळीसेक मिनिटांची रेल्वे आणि पुढची डोंगरावर नेणारी 434 क्रमांकाची बस, हे सगळे तू इतके सहज पार पाडलेस, की त्याबद्दल लिहिण्यासारखे काही उरलेच नाही.

मला लिहायचे आहे ते त्या चढाबद्दल. बागेच्या प्रवेशद्वारापासून राजवाड्यापर्यंत छोटी बस मिळते. परंतु झाडे पाहत पायीच जाईन, असा बाबांनी हट्ट धरला. पहिल्याच वळणावर त्यांना धाप लागली. ते थांबणार नव्हते. वावरात मजुरांच्या आधी कधी न बसलेला तो माणूस. तेवढ्यात तू म्हणालास, "आबाजी, एक मिनिट, लेस सुटली," आणि रस्त्याच्या कडेला खाली बसलास. बाबा कठड्याला टेकले. त्यांचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत तू गाठ बांधतच होतास. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तुझे बूट जुने असतील असे मला वाटले; मग नीट पाहिले, तर खाली बसल्यावर तू घट्ट बसलेली गाठ आधी सोडत होतास, नंतर सावकाश बांधत होतास, आणि तुझी नजर बुटावर नव्हतीच, ती बाबांच्या छातीकडे होती.

शेवटी बाबांनाच राहवले नाही. "बाबू, अशी गाठ टिकत नाही, इकडे कर पाय," म्हणत ते पायरीवर बसले. थोरल्या माणसाने आपल्या पायाला हात लावावा, हे तुला पटेना. तू मागे सरलास. पण त्यांनी ऐकले नाही आणि बैलाच्या कासऱ्याला मारायची गाठ तुझ्या बुटाला मारून दिली. त्यानंतर प्रत्येक वळणावर ते आपणहून थांबले, तुझी गाठ टिकली आहे का ते पाहण्यासाठी. खरे काय ते मी त्यांना सांगितलेले नाही. छापील वर्तमानपत्राखेरीज ते काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

वर पोहोचलो तेव्हा धुके होते. मग एकेक मनोरा उघडा पडू लागला, अगदी कॅलेंडरातलाच. कमानीवरचा तो शिंपल्यावर बसलेला अर्धा माणूस, अर्धा मासा पाहून बाबा म्हणाले, "आपल्या देवळावर कीर्तिमुख असते, तसाच हा राखणदार." आदल्या रात्री मोबाईलवर वाचून ठेवलेले तू त्यांना त्यांच्याच बोलीत सांगत होतास: राजा मॅन्युएल पहिला याने इथे मठ बांधला, 1755 च्या भूकंपात त्याची पडझड झाली, 1834 मध्ये देशातले मठ बंद झाले आणि 1838 मध्ये राणी मारिया दुसरी हिचा जर्मन पती फर्डिनांड याने ते अवशेष विकत घेतले. त्याने जुना मठ पाडला नाही. त्याला लागूनच नवा वाडा उभारला, आणि काम सोपवले ते एश्वेगे नावाच्या खाण अभियंत्यावर. आज तांबडा दिसतो तो भाग जुना, पिवळा तो नवा. "जुने ठेवले, हे चांगले केले," एवढेच बाबा म्हणाले. पण याच मॅन्युएलच्या काळात, 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि पुढे पोर्तुगीजांनीच अमेरिकेतली मिरची आपल्याकडे आणली, हे तू सांगितलेस तेव्हा भिवापुरी मिरची पिकवण्यात हयात गेलेला हा शेतकरी ऐकतच राहिला. कोणत्या माणसाला काय सांगावे, याची तुला उपजत जाण आहे.

मदत करणारे आमच्याकडेही पुष्कळ आहेत. बँकेच्या रांगेत "म्हाताऱ्याला बसू द्या" असे ओरडून कोणीतरी खुर्ची सरकवतो, आणि बाबा त्या खुर्चीवर बसत नाहीत. त्या माणसाचे मन वाईट नसते. परंतु मदत घेणाऱ्याची मान ताठ राहावी म्हणून स्वतःच्या बुटाची गाठ पुन्हा पुन्हा सोडणारा मुलगा मी इतक्या वर्षांच्या शिक्षकीतही पाहिला नव्हता. तुझ्या आईने तुला कसे वाढवले असेल, याचा मी परतीच्या विमानात विचार करत होते.

तिकिटांचे पैसे तू घेतले नाहीस, आणि कोणाची बाकी ठेवणे बाबांना जमत नाही. यंदाच्या तोड्यातली चांगली वाळलेली मिरची त्यांनी स्वतः निवडून, देठ खुडून तुझ्या आईसाठी पोत्यात भरून ठेवली आहे. पोस्टाने पाठवू म्हटले तर ऐकत नाहीत. स्वतः एसटीने दारव्ह्याला नेऊन देणार म्हणतात आणि मीही सोबत जाणार आहे. तेव्हा घराचा नेमका पत्ता कळव, आणि आम्ही येत आहोत असे आईला आधी फोन करून सांग.

तुझी,
भिवापूरची काकू