‘कृत्रिम सुगंध नाही’ म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला कृत्रिम सुगंधांवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना वाटलं, शेवटच्या परिच्छेदात तरी लेखिका ‘पण’ म्हणतील. नाही म्हणाल्या. प्रयोगशाळेतला सुगंध वाईट, फुलापानांतून काढलेलं तेल चांगलं. नाजूक त्वचेच्या माणसांनी डोळे मिटून निसर्गाकडे वळावं. डोळे मिटून, हे बाकी खरं. मी वळले होते आणि माझे डोळे मिटलेच, चार दिवस धड उघडले नाहीत.

झालं ते असं. माझं साधं, वासबीस नसलेलं मॉइश्चरायझर संपत आलं होतं. भाचीने प्रेमाने एक क्रीम आणून दिलं. डबीवर ठसठशीत अक्षरांत ‘कृत्रिम सुगंध नाही’ आणि शेजारी जांभळ्या फुलांचा तुरा. सोमवारी सकाळी चेहऱ्याला, मानेला लावलं. काही नाही. मंगळवारी लावलं, भाचीला फोन करून कौतुकही केलं. बुधवारी सकाळी उठले तर पापण्या टम्म, मानेवर लाल चट्टे आणि खाज अशी की आपलीच नखं आपल्याला नकोशी व्हावीत. संशय आधी उशीच्या अभ्र्यावर घेतला, मग कपड्यांच्या साबणावर, मग पंख्यावरच्या धुळीवर. क्रीमवर घेतलाच नाही. उलट आग शमावी म्हणून तेच क्रीम पुन्हा वर थापलं!

नेमकी त्याच दिवशी पासपोर्टच्या नूतनीकरणाची वेळ घेतलेली होती. फोटो निघाला. दहा वर्षांचा पासपोर्ट, साहेब. प्रत्येक विमानतळावर खिडकीमागचा माणूस एकदा फोटोकडे बघतो, एकदा माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. आमचे हे शेजारच्या रांगेतून हसतात.

त्वचेच्या डॉक्टरांनी डबी हातात घेतली, पुढची बाजू बघितलीच नाही, उलटी केली. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत यादी होती. त्यात लॅव्हेंडरचं तेल आणि जिरेनियमचं तेल, दोन्ही लॅटिन नावांनी. शेवटच्या ओळीत लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, ही अशा तेलांतल्याच सुगंधी घटकांची नावं. ‘कृत्रिम सुगंध नाही’ हे अक्षरशः खरं होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं, हेच तर दुखणं.

मग पॅच टेस्ट. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगते: पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक चकतीत एकेक संशयित. ४८ तास पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मग पट्ट्या काढून बघतात, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उगवते; एक ते तीन दिवसही घेते. (म्हणून तर मी अभ्र्याला बोल लावत बसले.) पाठीवर पेनाने आकडे घातलेले. खाज कुठे सुटली हे मला दिसेना, म्हणून घरी यांना आकडा वाचायला लावला, तर हे चष्मा शोधायला गेले.

निकाल होकारार्थी आला तो ‘फ्रेग्रन्स मिक्स १’ला. हे आठ सुगंधी घटकांचं मिश्रण, जगभर याच कामाला वापरतात. आठांत कोण आहे पाहा: लवंगेच्या तेलात असतं ते युजेनॉल, गुलाबात आणि जिरेनियममध्ये असतं ते जिरॅनिऑल, दालचिनीच्या सालीतलं सिनॅमाल, ओकच्या सालीवर वाढणाऱ्या दगडफुलाचा अर्क. निसर्गाचं गोत्रच बसलंय तिथे. पुढे एकेक घटक वेगळा लावून पाहिला तेव्हा माझा गुन्हेगार निघाला जिरॅनिऑल. तो गुलाबातून आला की कारखान्यातून, रेणू तोच. त्याचा जन्मदाखला माझ्या पापण्यांनी मागितला नाही, मग तुमच्या लेखिकेला तो एवढा का लागतो?

म्हणजे कृत्रिम सुगंध गरीब गाय, असं मी म्हणत नाही. लायरल नावाचा फुलांच्या वासाचा घटक शुद्ध प्रयोगशाळेतला. त्याने इतक्या लोकांना चट्टे आणले की २०२१पासून युरोपात त्याची सौंदर्यप्रसाधनं विकता येत नाहीत. पण लॅव्हेंडरमधल्या लिनालूलची तऱ्हा ऐका: ताजं असताना बरंचसं सभ्य, आणि हवा लागून त्याचं ऑक्सिडीकरण झालं की त्यातून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडं नावाची संयुगं ॲलर्जी आणण्यात पटाईत. म्हणजे लेखात ‘घरच्या घरी क्रीममध्ये चार थेंब टाका’ म्हणून लॅव्हेंडर तेलाची जी बाटली सुचवली आहे, ती जितके दिवस उघडझाप होत कपाटात राहील तितकी जास्त चावेल. तेवढी एक ओळ छापायला जागा नव्हती? फुलाच्या फोटोला अर्धं पान होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, मला जात नको, नाव हवं. यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ हा एक शब्द लिहिला की त्याखाली दहा घटक असोत की साठ, सगळे बुरख्यात. युरोपात २००५पासून २६ घटकांची नावं स्वतंत्र छापावी लागतात. त्वचेवर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याच्या वर गेलं तरी, आणि धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूत ०.०१ टक्क्याच्या वर. २०२३मध्ये ती यादी वाढवून ८०च्या पुढे नेली आणि तिच्यात लॅव्हेंडरचं तेलही नावानिशी घातलं. नैसर्गिक आहे म्हणून सूट नाही. ज्याला नाव माहीत आहे तो वाचून टाळू शकतो. मी आता पर्समध्ये भिंग ठेवते आणि दुकानात डब्या उलट्या करून उभी राहते. विक्रेत्या मुलीला वाटतं, आजी किंमत शोधतायत.

लेखात ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरलेत, तेही सांगते. फ्रेग्रन्स-फ्री म्हणजे सुगंधी द्रव्य घातलेलंच नाही; अनसेंटेड म्हणजे नुसता वास येत नाही. कच्च्या मालाचा वास मारायला कधी कधी त्यातही सुगंधी द्रव्य घातलेलं असतं! आणि ‘हायपोॲलर्जेनिक’ (म्हणे ॲलर्जी कमी आणणारं) हा शब्द तर कंपनीची आपली इच्छा आहे असं समजून वाचावा. अमेरिकेतसुद्धा त्याला कायद्याची व्याख्या नाही.

भाचीला काही बोलले नाही. तिने उरलेली डबी परत नेली, तिला ती मस्त चालते. चालणारच, तिला जिरॅनिऑलचं वावडं नाही. मला मात्र हे जन्मभराचं. एकदा शरीराने ओळख ठेवली की ते विसरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. इतकी चांगली स्मरणशक्ती माझी बाकी कशात नाही.

आता विषय निघालाच आहे तर बोलून टाकते. गेल्या महिन्यात एके दिवशी तुमच्या अंकाचं पहिलं पान म्हणजे सबंध जाहिरात होती, आणि तिला वास होता. छापलेल्या कागदाला वास! दारातून आत येईपर्यंत घरभर झाला. क्रीम मी दुकानातच ठेवून येऊ शकते, वर्तमानपत्र काय चिमट्याने धरून वाचू? ज्या अंकाला अत्तर लावता, त्याच अंकाची पुरवणी महिन्याभराने आम्हाला सुगंधांपासून सावध राहा म्हणून सांगते, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. पुन्हा तसं काही करणार असाल तर कृपया आदल्या दिवशी चौकट छापा, मी त्या दिवशी अंक बंद ठेवीन.

तो अंक मी तीन दिवस गॅलरीत चिमटे लावून टांगला होता. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि शब्दकोडं अर्धंच राहिलं. जमल्यास आडवा १४ काय होता ते कळवावे.

आपली,
एक नियमित वाचक